वाडीवर राहायला जाण्याआधी काय ऐकावं?

पुण्यातल्या एका जोडप्याने विचारलंय: दापोली तालुक्यात आमचं घर आणि ३० गुंठे वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन आहे. येत्या मे महिन्यात कायमचं तिकडे राहायला जायचं ठरवलंय. भाजीपाला, थोड्या कोंबड्या आणि जमलं तर मधमाश्या, एवढा विचार आहे. सध्या ऑफिसला जाण्यायेण्यात रोज दीड-दोन तास जातात. त्या वेळात ऐकण्यासारखे होमस्टेडिंगचे, म्हणजे आपल्या जागेवर आपल्यापुरतं पिकवून राहण्याचे, गावाकडच्या राहणीचे चांगले पॉडकास्ट कोणते?

मी तेरा वर्षांपूर्वी अशीच आले. गुहागर तालुक्यात दीड एकर, त्यातला अर्धा कातळ. आज पन्नासेक गावरान कोंबड्या आहेत, चार शेळ्या, सातेरी या देशी मधमाशीच्या तीन पेट्या, घराला पुरून थोडी विकता येईल इतकी भाजी. पॉडकास्ट मी पहिल्या वर्षापासून ऐकते. ओले काजूगर सोलताना, गोठा झाडताना, आळी खणताना फोन कमरेच्या पिशवीत असतो. त्यातून मी खूप शिकले आणि त्यातल्याच काही गोष्टी जशाच्या तशा उचलून नुकसानही करून घेतलं. त्यामुळे नुसती नावं देऊन तुमचं भागणार नाही. कशातून काय घ्यायचं आणि काय तिथेच सोडायचं, तेही सांगते.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. बाहेरच्या पॉडकास्टमधून विचारायचे प्रश्न आणि हिशोबाची रीत घ्या. तारखा, मापं आणि रोगराई मात्र इथल्या माणसांकडून शिका.

होमस्टेडिंगचे बहुतेक पॉडकास्ट अमेरिकेतले आहेत आणि त्या शब्दामागे तिथला इतिहास आहे. २० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर सरकारी जमीन घ्यायची, पाच वर्षं तिथे राहून कसायची, मग ती नावावर होणार. त्या जमिनीवर आधी मूळ रहिवासी राहत होते आणि त्यांना तिथून हुसकावलं गेलं, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. १६० एकर म्हणजे ६४०० गुंठे. त्यामुळे तिकडचा माणूस ‘आमची छोटीशी जागा’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पाच-दहा एकर असतात आणि शेजारी दूर असतो. साहजिकच सगळं आपल्या हाताने, आपल्या यंत्राने करण्यावर भर येतो. कोकणातल्या वाडीत घराला घर लागून असतं. लावणीला सावड असते, आज तुमच्या शेतात सगळे, उद्या शेजाऱ्याच्या. तुमची शेळी शेजाऱ्याच्या पावट्यात शिरते आणि त्याची कोंबडी तुमच्या पडवीत अंडं घालते. ‘स्वावलंबन’ ऐकून ऐकून डोक्यात बसलं, की माणूस इथे पहिल्या वर्षी उगीच एकटा पडतो. हे मी स्वतः केलंय, म्हणून सांगते.

आता नावं. एकच ऐकायला वेळ असेल तर ‘फार्मर टू फार्मर’ ऐका. ख्रिस ब्लँचर्ड हे स्वतः भाजीपाला पिकवणारे शेतकरी होते. २०१५ साली त्यांनी हा पॉडकास्ट सुरू केला आणि २०१८ मध्ये कर्करोगाने ते गेले. जुने भाग आहेतच. एका भागात एक शेतकरी, तासाभराची मुलाखत. मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं तर त्यांचे प्रश्न. समोरचा म्हणाला ‘गाजर चांगलं येतं’, की हे विचारणार: किती वाफे? वाफ्याची रुंदी किती? धुवायला किती वेळ जातो? त्या कामाला माणूस कोण? शेवटी हातात काय राहिलं? गाजराचं आपल्याला कोकणात काही पडलेलं नाही, पण हे प्रश्न पडवळाला, दोडक्याला, लाल माठाला तसेच लागू पडतात. ते ऐकूनच मी वही ठेवायला लागले. दुसऱ्या वर्षी वही सांगत होती, की मी वालीच्या शेंगांवर भाजीतला सगळ्यात जास्त वेळ घालवतेय आणि त्या जातायत सगळ्यात स्वस्त. तिसऱ्या वर्षी वाली घरापुरती लावली आणि ती जागा अळूला दिली. अळू सांडपाण्यावर वाढतं, त्याला काही करावं लागत नाही आणि श्रावणापासून गणपतीपर्यंत जुड्या कमी पडतात.

दुसरा ‘नो-टिल ग्रोअर्स’, केंटकीतल्या जेसी फ्रॉस्ट यांचा. जमीन न नांगरता भाजी करणाऱ्यांचा हा पॉडकास्ट आहे. त्यांचं सूत्र सोपं आहे: माती होईल तेवढी कमी ढवळा, होईल तेवढी झाकून ठेवा, होईल तेवढा काळ तिच्यात काही ना काही लावलेलं ठेवा. आपल्या उतारावरच्या तांबड्या मातीला हे अगदी लागू आहे. फक्त झाकायचं कशाने, हा प्रश्न आपला आपण सोडवायचा.

इथे माझी गोष्ट सांगते. सुरुवातीच्या काळात मी अशाच कुठल्या तरी पॉडकास्टच्या भागात ऐकलं होतं, की वाफ्यावर चार-पाच इंच जाड कंपोस्ट पसरा आणि त्यातच लावा, तण येत नाही. दोन वर्षं साठवलेलं शेणखत आणि पातेऱ्याचं, म्हणजे वाळक्या पाल्याचं कंपोस्ट होतं. मेच्या शेवटी घमेल्याने वाहून मी घराच्या वरच्या अंगाला सहा वाफे केले. मोजून ११० घमेली. काळंभोर, भुसभुशीत, हात घातला तर मनगटापर्यंत जात होता. मृगाचा पाऊस झिमझिम आला, भेंडी उगवून दोन पानांवर आली, मी खूश. मग आर्द्रात एका रात्री जो लागला तो सकाळपर्यंत. उठून पाहते तर वाफ्यांच्या जागी धुतलेला जांभा. भेंडीची रोपं मुळं वर करून दगडी गडग्याला चिकटली होती आणि माझं सगळं कंपोस्ट खालच्या पऱ्यातून समुद्राकडे निघालं होतं. शेजारचे तात्या गडग्यापलीकडून म्हणाले, ‘अगो, पावसाळ्यात खत उघड्यावर कोण टाकतं? त्याला आधी बांध हवा.’

आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. केंटकीतला पाऊस वर्षभर थोडा थोडा पडणारा. तेव्हापासून मी वाफे उताराला आडवे करते, खालच्या बाजूला जांभ्याचे चिरे लावते, खत मातीत मिसळते आणि वर पेंढ्याऐवजी गिरिपुष्पाचा ओला पाला घालते, कारण सुका पेंढा पाण्यावर तरंगून जातो. जेसी फ्रॉस्ट यांचं सूत्र तेच राहिलं, हात मात्र तात्यांचे.

उंच वाफ्यांचंही तसंच. अमेरिकन पॉडकास्टमध्ये लाकडी चौकटीतले उंच वाफे बाराही महिने वापरतात. आपल्याकडे पावसाळ्यात गादीवाफा हवाच, नाहीतर मुळं कुजतात. पण तोच वाफा फेब्रुवारी ते मे ठेवलात, तर सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. उन्हाळी भाजीला आपलं खोलगट आळं किंवा सरीच बरी.

पाण्याचा हिशोब तर करायलाच हवा. ‘आठवड्याला एक इंच पाणी’ हे वाक्य तुम्ही तिकडच्या भाजीपाल्याच्या भागांत वारंवार ऐकाल. ऐकायला थोडं वाटतं. एका गुंठ्यावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे २५७० लिटर. पाच गुंठे उन्हाळी भाजी केलीत तर आठवड्याला जवळजवळ १३,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचा एक टँकर आणि वर थोडं. मेमध्ये तुमच्या विहिरीला किंवा बोअरला रोज किती पाणी येतं, ते बादली आणि घड्याळ घेऊन मोजा आणि मगच किती गुंठे लावायचे ते ठरवा. ठिबक आणि पालापाचोळ्याने पाणी कमी लागतं, तरी सुरुवात या आकड्यापासूनच करा. मापांचं एक बरं आहे, एकर तिथला नि इथला एकच. पाव एकर ऐकलंत की दहा गुंठे समजायचं. दहा गुंठ्यांवरून आठवलं, कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारात दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं भागवण्याचं गणित मांडलं होतं. सामान्य शेतकरी आपापले प्रयोग एकमेकांना कळवायचे, असा तो परिवार. परदेशी पॉडकास्ट ऐकताना मला त्यांची आठवण नेहमी येते.

कोंबड्यांबद्दल मात्र सावध राहा. व्हर्जिनियातले पॉलीफेस फार्मचे जोएल सॅलॅटिन पाहुणे म्हणून अनेक पॉडकास्टवर येतात. त्यांची बिनतळाच्या, रोज पुढे सरकवायच्या खुराड्याची पद्धत ऐकून कोणालाही मोह होईल. मोकळं गवत, रोज नवी जागा, खत आपोआप जमिनीत. मीही सहा फूट बाय तीन फूट असं एक करून घेतलं, बारा तलंगांसाठी. आमची जमीन खडबडीत, त्यामुळे चौकट कुठेच नीट बसेना. एका कोपऱ्याखाली चार बोटं फट राहिली होती. तिथून मुंगूस शिरलं आणि भरदुपारी पाच तलंगा मारल्या. आता दिवसा कोंबड्या मोकळ्या असतात, संध्याकाळी चिऱ्याच्या खुराड्यात. सरकतं खुराडं सपाट मळ्यात चालतं, वरकसावर नाही.

त्याहून मोठी गोष्ट रोगाची आहे. थंडीत पिल्लांना ऊब कशी द्यावी, यावर तिकडे तासन्‌तास बोलतात, पण राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग फारसा ऐकू येत नाही, कारण तिथल्या परसातल्या कोंबडीपाळांना त्याच्याशी रोज झुंजावं लागत नाही. आपल्याकडे वाडीत एकदा राणीखेत शिरला की आठवड्यात खुराडं रिकामं होतं. पिल्लं साधारण आठवड्याची झाली की लासोटा लशीचा थेंब आणि दोन महिन्यांच्या सुमाराला आरटूबी लशीचं इंजेक्शन, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरवून घ्या. लशीची बाटली एकदा फोडली की शंभरेक पक्ष्यांची असते, त्यामुळे शेजारणींना गोळा करून एकाच दिवशी सगळ्या वाडीच्या कोंबड्यांना द्यायची. लस थर्मासमध्ये बर्फात आणायची. तुमचा वाडीत शिरकाव होण्याचा याहून चांगला मुहूर्त नाही.

टिकवणीच्या पदार्थांसाठी वॉशिंग्टन राज्यातल्या मेलिसा के. नॉरिस यांचा ‘पायोनियरिंग टुडे’ ऐका. त्या बरण्या भरून ठेवण्यावर, बियाणं राखण्यावर नीट बोलतात. त्यातली एक गोष्ट प्रत्येक गृहिणीला माहीत हवी. आंबटपणाचा पीएच (आकडा जितका कमी, तितकं आंबट) ४.६च्या खाली असेल तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू हवाबंद बरणीत वाढू शकत नाही. त्याच्या वर असेल, तर नुसतं उकळून भागत नाही. ११६ अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान ठरलेला वेळ राखावं लागतं आणि त्यासाठी बरण्यांसाठीच बनवलेलं प्रेशर कॅनर लागतं. आपला घरगुती कुकर त्या कामाला वापरू नका. तो आकाराने लहान, पटकन तापतो आणि पटकन निवतो, त्यामुळे तिकडची वेळापत्रकं त्याला लागू होत नाहीत. म्हणजे मटार, आळिंबी किंवा फणसाची शिजवलेली भाजी घरच्या घरी हवाबंद बरणीत साठवायची नाही. आपल्याकडच्या बायकांनी हे आंबट, मीठ, तेल आणि ऊन यांच्या जोरावर कधीच सोडवलंय. आमसुलं, आंबोशी, फणसपोळी, सांडगे, खारवलेल्या कैऱ्या. बरण्या भरण्याचा एक भाग ऐका आणि एप्रिलच्या सुट्टीत एखाद्या आजींच्या मागे मागे फिरा.

मधमाश्यांसाठी फ्लोरिडा विद्यापीठाचा ‘टू बीज इन अ पॉडकास्ट’ आहे. जेमी एलिस आणि एमी वू तो चालवतात. माशीचं शरीर, वसाहतीचं वर्तन, फुलोऱ्याचं गणित हे इतक्या सोप्या भाषेत मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. पण ते बोलतात युरोपीय मेलिफेराबद्दल, आणि तुमच्या पेटीत येणार सातेरी. त्यांच्याकडे वरोआ नावाच्या कोळकिडीवर भागच्या भाग आहेत. ती कीड मुळात आपल्या पूर्वेकडच्या माशीवरची आहे. सातेरी अंगावरची कीड झाडते आणि तिच्यासोबत जगते, मेलिफेरा मरते. तेव्हा त्यातली औषधं ऐकून घाबरू नका आणि सातेरीवर ती वापरू नका. आपली दुखणी वेगळी: मेणकिडा, थाई सॅकब्रूड हा अळ्यांचा रोग आणि जरा त्रास झाला की अख्खी वसाहत पेटी सोडून निघून जाणं. तिकडची मोठी लँगस्ट्रॉथ पेटीही सातेरीला फार मोठी होते. तुम्ही पुण्यातच आहात, तर गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत जाऊन प्रशिक्षणाची चौकशी आत्ताच करा. महाबळेश्वरजवळचं मांघर हे २०२२ मध्ये राज्यातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. एखाद्या शनिवारी तिथेही जाऊन या.

बीबीसीचा ‘फार्मिंग टुडे’ छोटा असतो, चहा होईपर्यंत संपतो. सरकारी धोरण, दुधाचे भाव, शेतमजूर हे विषय. त्याचा रोजच्या कामात उपयोग कमी, पण इंग्लंडातला दूधवालाही भावासाठी आपल्यासारखाच भांडतो, हे कळतं.

जे पॉडकास्ट जग बुडणार, धान्य साठवा, शहरातून पळा असंच सांगतात, ते मी बंद केले. भीतीपोटी घेतलेला निर्णय पहिला पावसाळा टिकत नाही. दर भागात काही ना काही विकायला काढणारेही सोडून द्या.

मराठीत ऐकायचं असेल तर रेडिओला विसरू नका. आकाशवाणीचे शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम आता न्यूज ऑन एअर ॲपवर पुण्यात बसूनही लागतात. रत्नागिरी केंद्र लावा. भाताची रोपं, आंब्यावरचा तुडतुडा, काजूचा मोहोर हे त्या त्या आठवड्यालाच बोललं जातं आणि बोलणारे बहुतेक दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडचे असतात, म्हणजे तुमच्या शेजारचे. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालू आहे. मुलूख दुष्काळी, तुमच्या उलट, पण गावातल्या बायका माइकवर आपल्या धंद्याबद्दल कशा बोलतात ते ऐकण्यासारखं आहे. ॲग्रोवनच्या छोट्या भागांत बाजारभाव मिळतात. हवामानाचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत ॲपवर वाचता येतो.

आणि एक माझ्या जिवाचं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वॅं यांनी पुण्यातून गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या. एक लाखाहून अधिक आहेत आणि त्यातल्या कितीतरी ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर ऐकायला मिळतात. त्यात पाऊस, बैल, माहेर, पेरणी, दळण हे बायकांनी पहाटे एकमेकींना सांगितलेलं आहे. शेतीची माहिती म्हणून ऐकू नका. ज्या घरात तुम्ही राहायला जाणार आहात, त्या घरातल्या पाट्यावर, जात्यावर कोणाचा हात फिरला असेल, हे त्यातून उमगतं.

ऐकण्याच्या सवयीबद्दल दोनच गोष्टी. गाडीत एका आठवड्यात एकच भाग दोनदा ऐका आणि वहीत लिहा: त्याने काय केलं, त्याच्याकडे पाऊस किती, माती कुठली. हे कळलं नसेल तर तो सल्ला घ्यायचा नाही. आणि वाडीवर गेल्यावर दोन्ही कानांत इअरफोन घालून कधीही काम करू नका. पातेऱ्यात फुरसं असतं, घोणस फुत्कारते, कोंबडीचा घाबरलेला कलकलाट वेगळा असतो, वसाहत निघून जायच्या बेतात असली की पेटीचा आवाज बदलतो. एक कान मोकळा हवाच.

पऱ्यात कंपोस्ट गेलं त्या वर्षीच्या दिवाळीत मी तात्यांना विचारून त्यांचं बोलणं फोनवर घेतलं. ते खळ्यात सुपाऱ्या सोलत होते आणि बोलत होते. आमच्या जमिनीत आषाढात पाणी कुठून शिरतं, कुठल्या दगडाखालून झरा फुटतो, आधीच्या मालकांनी बांध कुठे घातला होता आणि तो कोणत्या साली फुटला. अकरा मिनिटांची ती फाइल आहे, मध्ये कोंबडा आरवतो. दर मेमध्ये गडगे दुरुस्त करायच्या आधी मी ती लावते. तुमच्या वाडीतही असं कोणी असेलच. मेच्या पहिल्या आठवड्यातच त्यांच्याकडे जा, परवानगी घ्या आणि फोन समोर ठेवा. रोहिणी लागल्या की सगळे भाताच्या पेऱ्याला लागतात, मग दसऱ्यापर्यंत कोणाला बसायला वेळ नसतो.